ओझोनला धुराडे नसते : हवेचे नियम करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
हवेची मानके ठरवणाऱ्या, हवा मोजणाऱ्या आणि तेल-वायूच्या उपशाला परवाने देणाऱ्या सर्व यंत्रणांचे प्रमुख

विषय : वणवे, तेलविहिरी आणि जमिनीलगतचा ओझोन यांचा हिशेब एकाच वहीत मांडण्याबाबत

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

मी रसायनशास्त्र शिकवते. ओझोनचा धडा आला की वर्गातून दरवर्षी ठरलेला प्रश्न येतो, 'ओझोन चांगला की वाईट?' मुलांनी ओझोनचा थर आणि त्याला पडलेले भोक एवढेच ऐकलेले असते. मी सांगते, की हा रेणू वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर असला तर अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवतो आणि तोच नाकाच्या उंचीवर आला तर श्वासनलिका आणि फुफ्फुसांचे अस्तर पोळतो. हे मुलांना लगेच पटते. मग पुढचा प्रश्न येतो आणि तिथे मी दर वेळी अडते : 'मग हा खालचा ओझोन सोडतो कोण?'

तो कोणी सोडत नाही. इतर विषारी वायूंची नावे घेतली की त्यांच्यामागे एखादी भट्टी, एखादे इंजिन, एखादी गळकी नळी दाखवता येते. जमिनीलगतच्या ओझोनच्या मागे असे काही दाखवता येत नाही. तो हवेतच, उन्हात, दुसऱ्याच वायूंपासून तयार होतो, आणि पुष्कळदा ते वायू जिथून निघाले तिथून शेकडो किलोमीटर दूर तयार होतो. तुमची सगळी व्यवस्था मात्र 'सोडतो कोण' या प्रश्नावर उभी आहे. परवाना धुराड्याला मिळतो, दंड धुराड्याला होतो, तपासणीही धुराड्याची होते. ओझोनला धुराडे नसते. त्यामुळे वणव्यांची फाइल एका खात्यात, विहिरींची दुसऱ्या खात्यात आणि ओझोनचे आकडे तिसऱ्याच कार्यालयात, अशी वाटणी झाली आहे. या तिन्ही फाइली एका टेबलावर आल्याशिवाय ओझोन कमी होणार नाही असे माझे ठाम मत आहे. ते मत कशावरून, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी ओझोनची कृती सांगते, कारण माझ्या मागण्या तिच्यातूनच निघतात.

नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की त्यातला ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. हा सुटा अणू ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड त्याच ओझोनमधला जादा अणू काढून घेतो आणि पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होऊन बसतो. घेतले, फेडले, शिल्लक जवळजवळ शून्य. व्यवहार एवढाच असता तर ओझोन कधी साचला नसता. साचतो तो तिसऱ्याच्या येण्याने. हवेत सेंद्रिय बाष्पे असतात : इंधनाची, जळत्या लाकडाची, रंग-द्रावकांची, झाडांचीसुद्धा. पाठ्यपुस्तके त्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय क्रियाशील मूलक, म्हणजे रेणूचा सुटा, अस्थिर तुकडा, या बाष्पांवर तुटून पडते आणि त्यातून पेरॉक्सी मूलके तयार होतात. ही मूलके नायट्रिक ऑक्साइडला आपल्याकडचा ऑक्सिजन देऊन टाकतात. म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचे देणे परस्पर फिटते, त्याला ओझोनकडे हात पसरावा लागत नाही आणि ओझोन हवेत तसाच राहतो. नायट्रोजनची ऑक्साइडे या व्यवहारात खर्चही होत नाहीत. नायट्रिक आम्ल होऊन हवेतून बाहेर पडेपर्यंत तोच रेणू पुन्हा पुन्हा फेरी मारतो आणि दर फेरीला एक नवा ओझोन करून जातो.

म्हणजे कच्चा माल दोन प्रकारचा लागतो आणि वर ऊन लागते. पण मालाचे प्रमाण सरळसोट नाही. जिथे वाहने-कारखान्यांमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे मुबलक आहेत तिथे सेंद्रिय बाष्पांची थोडी भर पडली तरी ओझोन उसळतो. जिथे बाष्पे आधीच भरपूर आहेत तिथे उलट स्थिती असते : ऑक्साइडांचा तुटवडा ओझोनला अडवून धरतो आणि ती थोडी जरी आली तरी बांध फुटतो. पुढचे सगळे या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

ही कृती माणसाला कळली कशी, याचा इतिहास तुम्ही तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावावा असा आहे. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर एक दिवस असे धुरके उतरले की ऐन युद्धकाळात लोकांना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. डोळे चुरचुरत होते, घसे खवखवत होते, काही चौकांपलीकडचे दिसत नव्हते. संशय पहिल्यांदा कुठे गेला? एका धुराड्याकडे. कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणारा एक कारखाना लोकांच्या रोषामुळे काही काळ बंद करण्यात आला. धुरके हटले नाही. मग लंडनसारखेच हेही गंधकाचे धुरके असेल असे धरून उपाय झाले, तरी ते हटले नाही. शेवटी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट त्यात शिरले. ते तेव्हा अननसाच्या सुगंधातली रसायने वेगळी काढत होते. अननसाच्या वासासाठी वापरलेली गारठवून गोळा करण्याची रीत त्यांनी शहराच्या हवेला लावली आणि हाती आला तो अर्धवट ऑक्सिडीकरण झालेल्या सेंद्रिय पदार्थांचा उग्र द्रव. १९५२ पर्यंत त्यांनी दाखवून दिले, की पेट्रोलियमची बाष्पे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. ताणून वाकवलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात तडे जातात यावरून ते ओझोन मोजत. तेल उद्योगाने या निष्कर्षाला जोरदार विरोध केला. पुढे १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले.

आपण ही कथा मोटारींची कथा म्हणून सांगतो, आणि मोटारींचा वाटा खरोखर मोठा होताच. पण ते शहर मोटारींच्या आधी तेलाचे होते. शहरात आणि शहराभोवती विहिरी होत्या, शुद्धीकरण कारखाने होते, साठ्याच्या टाक्या होत्या. आणि घरोघरी परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्या होत्या. त्या भट्ट्यांवर तिथे १९५७ मध्ये बंदी आली आणि त्याच काळात तेलाच्या टाक्यांमधून निसटणाऱ्या बाष्पांवर नियम झाले. म्हणजे प्रकाश-रासायनिक धुरक्याच्या अगदी पहिल्या प्रकरणातच आग आणि तेल शेजारी शेजारी बसलेले होते. आपण पुढे त्यांना वेगवेगळ्या खात्यांत बसवले.

आता आगीकडे येते. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण आगीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की तिचा धोका डोळ्यांना दिसतो. धूर, काजळी, सूक्ष्म कण हे दिसतात, मोजले जातात, इशारेही त्यांचेच निघतात. त्यांचा धोका खरा आहे आणि मला तो एका शब्दानेही कमी लेखायचा नाही. पण जळत्या जंगलातून, गवताळ रानातून किंवा शेतातल्या काडाच्या ढिगातून त्याच वेळी शेकडो प्रकारची सेंद्रिय बाष्पे बाहेर पडतात : फॉर्मल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड, मिथेनॉल, बेंझीन, फिनॉलच्या जातीची द्रव्ये, आणि फ्युरान, जी काही तासांच्या आत हवेत प्रतिक्रिया करून संपतात. भडकलेल्या ज्वाळांपेक्षा धुमसणारी आग बाष्पांच्या बाबतीत जास्त उदार असते. ज्वाळा नायट्रोजनची ऑक्साइडे देतात. धुमसणे कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेली बाष्पे देते. आग आटोक्यात आली अशी बातमी येते तेव्हा पुष्कळदा हा दुसरा टप्पा चालू झालेला असतो. आणि ज्वाळांतून ऑक्साइड होऊन निघणारा हा नायट्रोजन हवेतला नसतो. जंगलाची आग हवेतला नायट्रोजन तोडण्याइतकी सहसा तापत नाही. तो पानांत, काड्यांत, पालापाचोळ्यात बांधलेला असतो, म्हणून काय जळते आहे त्यावर काय सुटणार हे ठरते.

ताज्या धुराच्या लोटात मूलकांची चूल कोण पेटवते हेही आता कळले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वणव्यांच्या धुरात संशोधकांनी विमान नेऊन मोजमापे घेतली. तेव्हा दिसले, की धूर निघाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात मूलकांचा सर्वात मोठा पुरवठा नायट्रस आम्लाच्या प्रकाश-विघटनातून होतो. आगीतून थेट निघालेले हे आम्ल ऊन लागताच फुटते. म्हणजे आग कच्चा मालच देते असे नाही, तो शिजवायला लागणारी ठिणगीही तीच बरोबर पाठवते.

मग आगीच्या अगदी जवळ ओझोन का वाढलेला दिसत नाही? कधी कधी तर तो नेहमीपेक्षाही कमी असतो. कारण दाट धूर ऊन अडवतो, आणि ताजा नायट्रिक ऑक्साइड असेल तो ओझोन खाऊन टाकतो. आगीशेजारच्या केंद्राचा आकडा पाहून कोणी म्हणाले, की वणव्याने ओझोन वाढत नाही, तर तो माणूस खोटे बोलत नसतो. त्याने चुकीच्या जागी मोजलेले असते. धूर पातळ होत जातो, ऊन आत शिरते आणि ओझोन वाऱ्याच्या दिशेने पुढे, काही तासांनी किंवा काही दिवसांनी, वर चढतो.

त्यातही एक पदार्थ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्याचे नाव पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेट, थोडक्यात पॅन. धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे अॅसिटाल्डिहाइडसारख्या बाष्पांच्या अवशेषांशी बांधली जाऊन हे संयुग होते. थंडीत ते टिकते, उष्णतेत सुटते. म्हणून धुराबरोबर उंच, गार हवेत गेलेला पॅन हजारो किलोमीटर प्रवास करतो आणि हवा खाली उतरून तापली की आपल्या पोटातली ऑक्साइडे तिथे मोकळी करतो. तिथल्या हवेत बाष्पे आधीच असली तर एवढे पुरते. ज्या प्रदेशात एक काडीही पेटलेली नाही तिथल्या ओझोनमध्ये दूरच्या वणव्याचा हात असतो तो अशा वाटेने.

ही कल्पना नवीन नाही. वनस्पती जळण्यातून वातावरणात किती प्रकारचे वायू जातात हे पॉल क्रुटझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडले. त्यानंतर उपग्रहांच्या नोंदींत दक्षिण अटलांटिक महासागरावर दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ओझोनचा मोठा फुगवटा दिसू लागला. महासागरावर! तिथे गाड्या नाहीत, कारखाने नाहीत. १९९२ मध्ये विमाने आणि फुगे घेऊन दोन मोठ्या मोहिमा तिथे गेल्या आणि आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ रानांच्या व जंगलांच्या आगींशी त्याचा संबंध पक्का झाला. आता २०२३ सारखे वर्ष आठवा. त्या एका हंगामात कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून जास्त वनक्षेत्र जळाले आणि तो धूर अटलांटिक ओलांडून युरोपपर्यंत गेला. आपण त्या धुराचे कण मोजले, छायाचित्रे पाहिली. त्यातून वाटेत किती ओझोन शिजला याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

धूर शहरावर येतो तेव्हा काय होते, हे वर सांगितलेल्या प्रमाणावरून कोणीही सांगू शकेल. धुरात बाष्पे उदंड असतात आणि त्याच्या ऑक्साइडांचा बराचसा साठा पॅनमध्ये अडकून पडलेला असतो. शहरात ऑक्साइडांचा सुकाळ असतो. दोघे भेटले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. धूर विरळ झाला, आकाश निवळले, लोकांनी खिडक्या उघडल्या, मुले मैदानावर गेली, आणि नेमक्या त्या दुपारी ओझोन चढलेला असतो. लोकांनी घेतलेले मास्क कण अडवतात, ओझोन हा वायू त्यातून आरपार जातो. दम्याच्या माणसाला हे कोणी सांगितलेले नसते. मला याचा राग येतो, कारण हे सांगायला कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

तेलाच्या उपशाबद्दलचा गैरसमज उलट्या बाजूचा आहे. आगीचे सगळे दिसते असे वाटते, विहिरीचे काहीच दिसत नाही. समुद्रात तेल सांडले की दिसते, विहिरीवर नको असलेला वायू जाळून टाकणारी ज्योत रात्री दिसते. ओझोनला लागणारा माल मात्र शांतपणे, बहुधा नियमानुसारच, निघत असतो. जमिनीखालच्या दाबातून वर आलेले तेल टाकीत पडते तेव्हा त्यात विरघळलेले वायू सोडा-वॉटरच्या बाटलीसारखे उसळून बाहेर येतात. टाकीचे झाकण नीट बसले नसेल तर ते थेट हवेत जातात. वायूतले पाणी काढणारी ग्लायकॉलची यंत्रे बेंझीन, टोल्युइन, झायलीन शोषून घेतात आणि ग्लायकॉल पुन्हा तापवताना ती सोडून देतात. वायूच्याच दाबावर चालणाऱ्या जुन्या झडपा प्रत्येक हालचालीला थोडा वायू बाहेर टाकतात. त्यांची रचनाच तशी आहे. तेलाबरोबर वर आलेले पाणी उघड्या तळ्यांत ठेवले जाते आणि त्यातूनही बाष्पे उडतात. ही झाली बाष्पे. खोदाईची डिझेल इंजिने, वायू ढकलणारे कॉम्प्रेसर, ट्रक आणि ज्योती नायट्रोजनची ऑक्साइडे पुरवतात. कृतीतला दोन्ही प्रकारचा माल एकाच कुंपणात तयार होतो.

यावर शंका घेणाऱ्याला मी वायोमिंगला पाठवते. तिथल्या अप्पर ग्रीन रिव्हर खोऱ्यात लोकवस्ती अगदी विरळ आहे, पण नैसर्गिक वायूच्या विहिरी दाट आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये तापमान उणे १७ अंश सेल्सिअस असताना तिथला ओझोन रात्रीच्या १० ते ३० पीपीबीवरून दुपार कलताच १४० पीपीबीच्या वर गेला. पीपीबी म्हणजे हवेच्या अब्ज भागांतले भाग. अमेरिकेचे आठ तासांच्या सरासरीचे मानक पुढच्याच महिन्यात ७५ ठरले, आज ते ७० आहे. ओझोन हा उन्हाळ्याचा आणि महानगरांचा आजार अशी आम्हा शिक्षकांची पुस्तके सांगत होती. हा हिवाळा होता, माळरान होते, जमिनीवर बर्फ होते.

आणि बर्फ हेच त्याचे कारण होते. बर्फावरून ऊन परत वर फेकले जाते, म्हणजे बाष्पांना खालून-वरून दोनदा प्रकाश मिळतो. थंड, जड हवा खोऱ्याच्या तळाशी बसते, वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते आणि विहिरींतून निघालेले सगळे त्या उथळ भांड्यात कोंडले जाते. शेजारच्या युटा राज्यातल्या युइंटा खोऱ्यात, जिथे तेल आणि वायू दोन्ही निघतात, निसर्गाने जणू प्रयोगच करून दाखवला. २०१२ च्या हिवाळ्यात बर्फ जवळजवळ नव्हते आणि ओझोन वाढला नाही. २०१३ मध्ये बर्फ साचले आणि ओझोन मानकाच्या जवळजवळ दुपटीवर गेला. विहिरी दोन्ही वर्षी चालूच होत्या. उन्हाळ्यात मूलके तयार व्हायला हवेतली वाफ लागते आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ती नसते, मग प्रतिक्रिया चालली कशी? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उत्तर दिले : फॉर्मल्डिहाइडसारखी कार्बोनिल संयुगे, जी याच बाष्पांच्या ऑक्सिडीकरणातून तयार होतात, उन्हात फुटून मूलके पुरवतात. एकदा सुरुवात झाली की बाष्पे स्वतःच आपली प्रतिक्रिया चालवत राहतात. वस्ती विरळ, गाड्या मोजक्या, आणि हवा मोठ्या शहराच्या सर्वात वाईट उन्हाळ्यासारखी. उपशाच्या वाट्याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

मग हे आधी का लक्षात आले नाही? कारण उपशातून काय निघते ते बहुतेक ठिकाणी मोजले जात नाही, गुणाकार करून काढले जाते. इतक्या टाक्या, दर टाकीमागे इतके, म्हणून एकूण इतके. ज्योतींबाबत धरून चाललेले असते, की त्यांतला ९८ टक्के वायू जळून जातो. अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानाने केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, विझलेल्या ज्योती धरून, मिथेन नष्ट होण्याचे प्रमाण सुमारे ९१ टक्के निघाले. ९८ आणि ९१ हे आकडे जवळचे वाटतात. पण निसटणारा भाग पाहिला तर २ च्या जागी ९, म्हणजे साडेचार पट. जगभरात २०२३ मध्ये सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू असा जाळला गेला. त्याच्याशी हा फरक गुणून पाहा.

कॅनडातल्या अथाबास्काच्या तेलवाळूवर, म्हणजे डांबरासारखे जड तेल मिसळलेल्या वाळूच्या खाणींवर, तर अंतर याहून मोठे आहे. २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या विमान-मोजणीनुसार तिथून हवेत जाणारा एकूण सेंद्रिय कार्बन उद्योगाने कळवलेल्या आकड्यांच्या सुमारे २० ते ६० पटींहून अधिक होता. उद्योगाने नियम मोडले असा त्याचा अर्थ नाही. नियमांनी ज्या संयुगांची नावे विचारली त्यांची उत्तरे दिली गेली. जी विचारलीच नव्हती ती वहीत आलीच नाहीत. म्हणून मी हे पत्र कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. प्रश्न विचारण्याचे काम तुमचे आहे.

दूरच्या परिणामांबद्दल थोडेच लिहिते. उत्तर डाकोटातल्या बाकन या एका तेलक्षेत्रातून साऱ्या जगाच्या इथेन-उत्सर्जनाचा सुमारे २ टक्के भाग निघतो असे २०१६ मध्ये दिसून आले. इथेन हळू प्रतिक्रिया करतो, मिथेन त्याहून हळू, सुमारे दहा वर्षे हवेत टिकतो. त्यामुळे ते विहिरीशेजारी ओझोन फारसा करत नाहीत, पण साऱ्या गोलार्धाची पार्श्वपातळी उचलतात. त्या उचललेल्या पातळीवर मग स्थानिक धूर आणि स्थानिक बाष्पे येऊन बसतात. शहर मानकाच्या खाली राहण्यासाठी धडपडते आणि त्याच्या पायाखालची जमीनच वर सरकत असते.

आता माझ्या तक्रारीचा गाभा. वणव्याच्या धुरामुळे एखाद्या दिवशी ओझोन मानकाच्या वर गेला, तर अमेरिकेत तो दिवस 'अपवादात्मक घटना' म्हणून अनुपालनाच्या, म्हणजे मानक पाळले की नाही याच्या, हिशेबातून वगळण्याची सोय आहे. हा नियम २००७ चा, सुधारणा २०१६ ची. त्यामागचा विचार मला समजतो : शहराच्या ताब्यात नसलेल्या आगीसाठी शहराला शिक्षा का? पण त्या दिवशीचा ओझोन धुराने एकट्याने केलेला नसतो. त्यात धुराची बाष्पे असतात आणि शहराची किंवा तेलक्षेत्राची ऑक्साइडेही असतात. मिश्रणातल्या एका घटकावर 'अपवाद' लिहून सगळे मिश्रण वहीतून काढले, की दुसरा घटकही आपोआप सुटतो. तेलक्षेत्रावरून धूर गेलेल्या दिवसाचे उत्तर कोणी द्यायचे? वगळलेल्या दिवसांचे उत्तर कोणीच देत नाही. आणि ज्या हंगामात पूर्वी असे दोन दिवस असत तिथे वीस होऊ लागले, तर त्याला अपवाद हा शब्द कुठवर पुरणार? श्वास त्या दिवशीही घेतला गेला. फुफ्फुसांच्या हिशेबात वगळलेला दिवस नसतो, पिकांच्याही नसतो. ओझोन पानांच्या रंध्रांतून आत जातो आणि गहू, सोयाबीन यांची वाढ खुंटवतो. तो कोणाच्या विहिरीतून आला हे रोपाला कसे कळणार?

म्हणून माझे मागणे असे आहे. दिवस अनुपालनातून वगळायचे असतील तर वगळा, पण त्यांची वेगळी, सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही ठेवा, आणि त्या प्रत्येक दिवशी धुराचा वाटा किती व स्थानिक ऑक्साइडांचा किती याचा अंदाज तिच्यात लिहा. पॅन, फॉर्मल्डिहाइड आणि वेगवेगळी बाष्पे मोजणारी उपकरणे निदान काही केंद्रांवर कायमची बसवा. ओझोनचा एकटा आकडा ताप आला एवढेच सांगतो, आजार सांगत नाही. केंद्रे फक्त शहरांत नकोत. विहिरींच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा तिथून ज्या बाजूला वाहतो तिकडे, हवीत, आणि बर्फ पडणाऱ्या खोऱ्यांत ती हिवाळ्यातही चालू राहायला हवीत. वायोमिंगचा आकडा सापडला कारण तिथे कोणीतरी थंडीत मोजत होते.

परवाना देताना गुणाकारावर विसंबू नका. ठराविक काळाने विमानाने, उपग्रहाने किंवा वाऱ्याखालच्या मोजणीने तो आकडा तपासा, आणि तफावत निघाली की मोजलेला आकडा ग्राह्य धरा. टाक्यांची बाष्पे परत पकडणारी यंत्रणा, वायू बाहेर न टाकणाऱ्या झडपा, ज्योत पेटलेली आहे की विझली हे सतत पाहणारी नजर, हे सगळे आज बाजारात मिळते. निसटणारे बाष्प म्हणजे विकता आला असता असा माल, हे उद्योगालाही ठाऊक आहे. २०३० पर्यंत नित्याची ज्योत-जाळणी थांबवण्याचा संकल्प जागतिक बँकेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये अनेक सरकारांनी आणि कंपन्यांनी केला. तो संकल्प परवान्याच्या अटींत उतरवणे तुमच्या हातात आहे.

आग निसर्गाची, तिच्यावर नियम कसा करणार, असे तुम्ही म्हणाल. काही रानांना अधूनमधून लहान आग लागणे गरजेचे असते आणि नियोजित जाळणीने मोठे वणवे टळतात, हे मला मान्य आहे. मी नियोजित जाळणी थांबवा असे म्हणत नाही. ती कोणत्या दिवशी करायची हे ठरवताना वाऱ्याखाली कोणते शहर, कोणते तेलक्षेत्र आहे हे बघा, आणि केवळ कणांचा अंदाज न घेता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या ओझोनचाही घ्या. मोठा वणवा पेटलाच तर त्याची वेळ तुमच्या हातात नसते, पण त्याच्या धुराखाली येणाऱ्या कॉम्प्रेसरचा, खोदाईचा, ज्योतींचा भार त्या दोन-चार दिवसांत कमी करणे हातात असते. धूर दूर असतो, त्याचा मार्ग एक-दोन दिवस आधी कळतो. तेवढा वेळ पुरेसा आहे.

एक अडचण मी लपवणार नाही. ऑक्साइडे गच्च असलेल्या जागी ती थोडीच कमी केली तर ओझोन सुरुवातीला वाढूही शकतो, कारण ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड घटतो. हे कारण पुढे करून काहीच न करणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांना उत्तर हेच, की बाष्पे आणि ऑक्साइडे दोन्ही एकत्र, पुरेशी खाली आणावी लागतात. आणि त्यासाठी दोन्ही एकाच वहीत दिसावी लागतात.

शेवटचे मागणे सगळ्यात स्वस्त आहे. तुमच्या धुराच्या इशाऱ्यात दोन वाक्ये वाढवा : धूर विरळ झाल्यावर दुपारी ओझोन वाढू शकतो, आणि कणांचा मास्क त्याला अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ओझोनची मार्गदर्शक पातळी आठ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. त्या दुपारचा तुमचा आकडा या पातळीशेजारी छापा. म्हणजे दम्याचे मूल घरी ठेवायचे की मैदानावर पाठवायचे हे त्याच्या आईला ठरवता येईल.

पुढचा आगीचा हंगाम सुरू होण्याआधी या पत्राचे उत्तर मिळावे ही विनंती. तुमच्या क्षेत्रातले वगळलेले दिवस आणि त्या दिवशीचे तासागणिक ओझोनचे आकडे तुम्ही पाठवलेत, तर मी ते वर्गातल्या फळ्यावर लिहीन आणि मुलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याबरोबर शोधीन.

आपली,
एक रसायनशास्त्राची शिक्षिका